सीएनसी राउटरवर लाकडी प्रोपेलर : कुणी केलाय का?

सुतारपक्षी | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात सगळं काम हातावर चालायचं. सहा वर्षांपूर्वी १३२५ मापाचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं यंत्र) घेतला, तीन अक्षांचा, तीन किलोवॉटचा स्पिंडल. दिवसभर त्यावर दारांचं कोरीवकाम आणि देव्हाऱ्यांच्या जाळ्या निघतात.

माझा मामेभाऊ कामशेतला पॅरामोटर उडवतो, म्हणजे पाठीवर इंजिन-पंखा बांधून छत्रीसारख्या पंखाखाली उडतो. गेल्या महिन्यात उतरताना तो गुडघ्यावर आला, पाठीवरचा पिंजरा वाकला आणि कार्बन फायबरच्या प्रोपेलरची दोन्ही टोकं घासून गेली. नवा बाहेरून मागवावा लागतो. तो म्हणाला, "दादा, एवढी दारं कोरतोस, मला एक पंखा कोरून दे की."

जुना पंखा टेबलावर ठेवून तासभर नुसता बघत बसलो. व्यास १२५ सेंमी. मधे पातं चांगलं तिरकं, टोकाकडे जवळपास सपाट. कोनमापक लावला तर दर बोटभर अंतरावर कोन वेगळा! आम्ही आर्टकॅम या कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, पण त्यात एका बाजूचा उठाव निघतो. हा जॉब दोन्ही बाजूंनी कोरायचा आहे. फुकटातलं किंवा स्वस्तातलं कुठलं सॉफ्टवेअर शिकू? लाकूड कुठलं घेऊ? आणि उलटवल्यावर दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवायच्या कशा?

---

चिकित्सक | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दार चुकलं तर दुसरं करता येतं. हा पंखा माणसाच्या पाठीमागे दीड-दोन फुटांवर फिरणार आहे. भावाला नवा घ्यायला सांगा.

---

पिळदार | ४ फेब्रुवारी, रात्री ११:०२

मी केलेत, आतापर्यंत चार. त्यातले दोन चालले.

कोनाचं गणित आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. पंखा म्हणजे हवेत फिरणारा स्क्रू असं धरा. एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा, ती त्याची पिच. समजा पिच ५८ सेंमी आहे. मध्यापासून २० सेंमीवरचा बिंदू एका फेऱ्यात सुमारे १२६ सेंमी गोल फिरतो आणि ५८ सेंमी पुढे जातो, म्हणजे तिथे कोन झाला २४.८ अंश. ४० सेंमीवर फेरा २५१ सेंमीचा, कोन १३ अंश. ६० सेंमीवर ३७७ चा फेरा आणि कोन ८.७ अंश. पुढे सरकणं सगळीकडे तेवढंच, फिरणं मात्र वाढत जातं, म्हणून पात्याला पीळ पडतो. साध्या एक्सेल तक्त्यात हे दहा मिनिटांत होतं.

पात्याच्या छेदासाठी (पातं आडवं कापलं तर दिसणारा आकार) क्लार्क वाय नावाचा आकार घ्या. १९२२ सालचा आकार आहे, जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, आणि खालची बाजू मागच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भागात सरळ. सुताराला याच्याइतका सोयीचा आकार नाही, सरळ बाजूवर पट्टी टेकवून कोन तपासता येतो. त्याचे बिंदू इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात फुकट मिळतात.

सॉफ्टवेअर फ्रीकॅड. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आठ-दहा छेद काढायचे, प्रत्येक आपापल्या कोनात फिरवायचा आणि लॉफ्ट करून, म्हणजे छेद एकमेकांना जोडून, पातं ओढायचं. कॅमचा, म्हणजे मशीनला आज्ञा काढून देणारा भागही त्यातच आहे. फ्युजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा घरगुती परवाना फुकट आहे आणि तीन अक्षांच्या कामाला पुरतो, पण त्यात मशीनच्या रिकाम्या हालचाली मुद्दाम संथ ठेवल्यात, आणि धंद्याच्या कामाला तो परवाना चालत नाही.

---

सुतारपक्षी | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

@पिळदार, तुमचे तिन्ही आकडे जुन्या पंख्यावर लावून बघितले. ४० सेंमीवर कोनमापकाने साडेतेरा दाखवला. रात्री झोप लागली नाही आनंदाने.

@चिकित्सक, राग कशाचा. भावाची काळजी मलाच जास्त आहे. पण चालले नाहीत त्या दोन पंख्यांचं काय झालं, तेही ऐकायचंय.

---

पिळदार | ५ फेब्रुवारी, दुपारी १:३५

पहिला उलट्या पिळाचा झाला. डिझाइन करताना स्क्रीनवर पुढून बघतोय की मागून, यात गोंधळ झाला आणि एक पातं आरशात उलटवलं गेलं. मशीनने दिलं तेच कोरलं. तयार पंखा इंजिनावर धरला तेव्हा लक्षात आलं की जाड, गोल कड मागे राहते आणि पातळ धार हवा कापायला पुढे येते. मित्र म्हणाला, उलटा करून बसव. तसं होत नाही. डाव्या आट्यांचा स्क्रू कुठल्याही टोकाने धरला तरी डाव्याच आट्यांचा राहतो. तो पंखा आता आमच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे.

म्हणून आधी थर्माकोलचा एक वीतभर पंखा कोरा आणि इंजिनापाशी नेऊन धरून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरा चिकटवणीत गेला. मी पांढरा पीव्हीए गोंद वापरला होता, घरात होता म्हणून. तो गोंद सततच्या ताणाखाली आणि उन्हात हळूहळू सरकतो. महिनाभराने पॉलिशखाली थरांच्या कडा नखाला लागायला लागल्या. उडवला नव्हता, देवाची कृपा.

---

मिलवॉकीकर | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मस्त धागा! मी दर जुलैअखेर ऑशकॉशच्या विमान-जत्रेला जातो, घरापासून दीड तासावर आहे. तिथे लाकूडकामाच्या तंबूत लोकांना रंधा मारताना बघत मी अर्धा दिवस घालवतो.

राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाचे दोन्ही पंखे स्वतः केले होते. स्प्रूस लाकडाचे, साडेआठ फूट व्यासाचे, कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने तासलेले. आधी त्यांना वाटलं होतं की जहाजाच्या पंख्यांचे तक्ते मिळतील आणि काम भागेल. ते काही हाती लागलं नाही. मग पंखा म्हणजे फिरणारा विमानाचा पंखच, हे धरून त्यांनी स्वतःच्या वाऱ्याच्या बोगद्यातल्या आकड्यांवरून सगळं गणित मांडलं. इंजिनाच्या शक्तीतला सुमारे तीन चतुर्थांश भाग त्या पंख्यांनी कामी लावला. हे सायकलच्या दुकानात झालं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

---

चिकित्सक | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

राइट बंधूंपाशी दुसरा पर्याय नव्हता. तुमच्यापाशी आहे.

१२५ सेंमीचा पंखा मिनिटाला २६०० फेरे घेतो असं धरा. टोक सेकंदाला १७० मीटर वेगाने जातं. टोकाजवळचा एक ग्रॅमचा तुकडा बाहेर किती जोराने ओढला जातो, तर साडेचार किलोच्या वजनाएवढ्या. एक ग्रॅम, साडेचार किलो! हा आकडा वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवा.

---

ओझरचा_मेकॅनिक | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

चिकित्सकांचा आकडा बरोबर आहे आणि त्यांची भीतीही योग्य आहे. मी वायुसेनेत एअरफ्रेमवर, म्हणजे विमानांच्या सांगाड्याच्या कामावर होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पण लाकडाला घाबरू नका. धातूला वर्षानुवर्षं थरथरून तडा जातो, लाकूड ती थरथर पचवतं. अमेरिकेत सेन्सेनिख कंपनी १९३२ पासून पंखे करते आहे, लाकडी पंखे आजही विकले जातात.

सुतारपक्षी, तुम्ही सुतार आहात म्हणून सविस्तर लिहितो.

एकाच जाड ठोकळ्यातून पंखा करायचा नाही. पातळ पट्ट्या चिकटवून करायचा. एका लाकडात लपलेली गाठ किंवा वाकडी रेषा असली तर ती एका थरापुरती राहते, आणि एका पट्टीची वाकण्याची ओढ दुसरी धरून ठेवते. रेषा पात्याच्या लांबीतच हवी. पट्टीवर शाईचा थेंब टाका, तो ज्या दिशेने पसरतो ती खरी रेषा. वरून दिसणारी नक्षी फसवते.

प्रत्येक पट्टी वजन करून घ्या आणि एकाआड एक टोकं फिरवून लावा. बुंध्याकडचं टोक जड असतं. हे केलंत तर तोल साधताना निम्मा त्रास वाचेल.

ओलावा ८ ते १२ टक्के. मीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. आणि चिकटवलेला ठोकळा आठवडाभर तसाच पडू द्या.

---

कोकणी_माणूस | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

साग का नको? आमच्याकडे कुडाळला घराच्या तुळया शंभर वर्षं टिकल्यात.

---

ओझरचा_मेकॅनिक | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

सागाला नावं ठेवणारा मी कोण. पण सागात तेल असतं, ते चिकटवणीच्या आड येतं. सागच वापरायचा तर चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसावा लागतो. बाजारात स्टीम बीच (वाफवलेलं बीच लाकूड) मिळतं, सरळ रेषेचं, गाठी कमी. सुरुवात त्याने करा. चिकटवायला इपॉक्सी, दोन भाग मिसळून करायचा गोंद. पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने खरवडून घ्या. शिकंजे पिळून आवळू नका, इपॉक्सी सगळं बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. कडेने बारीक मण्यांची ओळ दिसली की थांबा.

त्याच मिश्रणातून दोन तुकडे वेगळे चिकटवून ठेवा. दोन दिवसांनी सांध्यावर पटाशी ठेवून हातोडा मारा. लाकूड फाटलं तर ठीक. सांधा स्वच्छ सुटला तर तो अख्खा ठोकळा बाजूला ठेवा, मग त्यावर कितीही मेहनत झालेली असो.

---

पवनकन्या | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:२५

अवांतर : हाच पंखा उलटा वापरून पवनचक्की होईल का? शेतावर बॅटरी चार्ज करायला हवी आहे.

---

पिळदार | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

फिरेल, पण रडत फिरेल. पंखा हवा ढकलतो, पवनचक्कीला हवा ढकलते. पात्याची फुगीर पाठ आणि सपाट पोट दोघांत उलट बाजूंना लागतात. चक्कीसाठी पातं वेगळंच कोरावं लागतं. स्कॉटलंडमधल्या स्कोरेगचे ह्यू पिगट गेली कित्येक वर्षं लाकडी पात्यांच्या घरगुती चक्क्या करतात आणि जगभर शिकवतात. त्यांची मापं धरून चला. वेगळा धागा काढा, मी येतो.

आता मशीनबद्दल, मूळ प्रश्न तसाच राहिलाय. फिनिशिंगला १२ मिमीचा गोल टोकाचा बिट आणि एक मिमीचं अंतर ठेवा. दोन फेऱ्यांमधे उरणारी वरवंटी (उंचवट्याची रेघ) ०.०२ मिमी उंचीची येते, पॉलिश पेपरच्या चार हातांत निघते. १२५० मिमी लांब आणि सरासरी ९० मिमी रुंद पंखा, मिनिटाला अडीच मीटरच्या चालीने एका बाजूला पाऊण तास. घाई करून दोन मिमीचं अंतर ठेवलंत तर वरवंटी चौपट होते आणि तो वेळ हातावर द्यावा लागतो.

उलटवण्याचं : मधलं मोठं भोक आणि ठोकळ्याच्या दोन टोकांना एकेक खुंटीचं भोक, तिन्ही आरपार, एकाच सेटिंगमध्ये. मशीनच्या पलंगावर त्याच जागी खुंट्या. ठोकळा लांबीच्या रेषेभोवती उलटवून त्याच खुंट्यांवर बसवला की झिरो (मशीनचा सुरुवातीचा बिंदू) परत घ्यायला नको. आधी सपाट बाजू कोरा. मग एमडीएफमध्ये त्या सपाट बाजूचा उलटा साचा कोरा आणि दुसरी बाजू त्यावर टेकवून करा. साचा नसेल तर पातळ धार बिटखाली थरथरते आणि चिरफाळते. आणि मागची धार शेवटापर्यंत नेऊ नका, दोन मिमी जाड ठेवा. ती हाताने.

---

शून्य_शून्य_शून्य | ६ फेब्रुवारी, रात्री ११:४८

एक भर. डिझाइनची फाइल एसटीएल या प्रकारात काढलीत तर तिच्यात एकक नसतं. मिमीमधलं डिझाइन मशीनच्या सॉफ्टवेअरने इंचात वाचलं तर २५.४ पट. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्पिंडल टेबलाच्या बाहेर निघाला होता. कोरण्याआधी एकूण लांबी स्क्रीनवर वाचा.

---

मिलवॉकीकर | ७ फेब्रुवारी, पहाटे ४:१५

+१. आणि अवांतर : सीएनसीच्या आधीही नक्कल मशीनने व्हायची. थॉमस ब्लँचर्डने १८२० च्या सुमारास बंदुकीचे लाकडी दस्ते कोरायचं यंत्र काढलं. एक चाक नमुन्यावरून फिरायचं, पातं तसंच लाकडावरून. पुढे पंखेही तशा पद्धतीने निघाले. त्यामुळे "हातचं नाही ते खरं नाही" म्हणणाऱ्यांनी दोनशे वर्षं मागे जावं.

---

सातारी_बाई | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वाचतेय. मला यातलं काही येत नाही, पण फोटो टाका. मुलाला दाखवतेय, तो पाचवीत आहे, कालपासून कागदाची भिरभिरी कापून कोन मोजतोय. घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव त्याला फार आवडतात. २०१६ ला बीकेसीच्या प्रदर्शनात त्यांचं विमान आम्ही बघितलं होतं, तेव्हा तो कडेवर होता.

---

चिकित्सक | ७ फेब्रुवारी, सकाळी ११:००

ओझरच्या काकांचं वाचून माझं थोडं मत बदललं. पण एक अट घालतो. उडायच्या आधी जमिनीवर किती तास चालवणार ते इथे लिहा. आणि प्रमाणपत्र मिळालेल्या (सर्टिफाइड) विमानावर असा घरचा पंखा चालत नाही, हे इतर वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

---

सुतारपक्षी | ७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

दहा तास, इंजिन जमिनीत पक्कं रोवून. शब्द दिला.

---

सुतारपक्षी | २३ मार्च, रात्री १०:३०

धागा वर काढतो. पंखा झाला.

पाच पट्ट्या, दहा मिमीच्या, स्टीम बीच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केल्या. एकाच फळीतून कापलेल्या पाच पट्ट्यांत सर्वांत जड आणि हलकीत ६० ग्रॅमचा फरक निघाला, मला खरं वाटेना. काकांनी सांगितल्याप्रमाणे टोकं फिरवून लावल्या. पटाशीच्या चाचणीत पहिला सांधा स्वच्छ सुटला, कारण इपॉक्सीचे दोन भाग मी डोळ्याने मोजले होते. तो ठोकळा बाजूला ठेवला. दुसऱ्या वेळी काट्यावर मोजून मिसळलं, तेव्हा लाकूड फाटलं.

फ्रीकॅड शिकायला तीन आठवडे गेले. छेदांचे बिंदू सगळ्यांत एकाच जागेपासून सुरू नसतील तर पातं पिळलेल्या फडक्यासारखं येतं, ही गोष्ट समजायलाच चार रात्री. थर्माकोलचा पंखा केला, पीळ बरोबर निघाला.

मशीनवर दोन्ही बाजूंचे मिळून दोन तास, आणि त्यानंतर माझ्या हातावर दोन दिवस. मागची धार वडिलांच्या छोट्या रंध्याने काढली. एका पात्यावर रेषा थोडी चढती होती, तिथे उलट बाजूने रंधा मारला की लाकूड उचकटायला लागायचं. मशीनला ते कळलं नव्हतं, हाताला पहिल्याच ओढीत कळलं. तिथे मी रंधा ठेवून पेपरवर आलो.

तोल बघायला खोलीची दारं लावली, सीलिंग फॅन बंद केला, मधल्या भोकात पॉलिश केलेला दांडा घालून दोन समतल पट्ट्यांवर ठेवला. डावं पातं हळूच खाली गेलं. त्यावर १८० चा पेपर सहा वेळा, पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी उजव्या पात्याच्या टोकाला वॉर्निशचा एक हात दिला आणि पंखा आडवा ठेवला तर आडवा, उभा ठेवला तर उभा राहायला लागला. वडील दारात उभे होते. आत आले, बोटाने एक पातं ढकललं, ते फिरून थांबेपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "आता कुणी हात लावू नका त्याला."

वजन ७४० ग्रॅम.

---

ओझरचा_मेकॅनिक | २४ मार्च, सकाळी ६:०५

शाब्बास! आता ट्रॅक बघा, म्हणजे दोन्ही टोकं एकाच पातळीत फिरतात का ते. इंजिनाच्या स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा, एका टोकाजवळ लाकडाचा तुकडा उभा करा आणि हाताने पंखा अर्धा फिरवा. दुसरं टोक त्याच जागी यायला हवं. एफएएच्या (अमेरिकेचं विमान-खातं) पुस्तिकेत लाकडी पंख्याला १/८ इंच फरक चालतो, म्हणजे तीन मिमी. तुम्ही एका मिमीत आणाल.

बोल्ट टॉर्क रेंचनेच. पहिल्या तासानंतर परत तपासा. लाकूड दबतं, बोल्ट सैल होतात, पंखा बैठकीवर घासतो आणि लाकूड करपतं. मधल्या भागाला काळपट डाग दिसला तर तो पंखा गेला म्हणून समजा. ऋतू बदलला की पुन्हा तपासा. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड डिसेंबरात आकसतं.

पुढच्या कडेला काय लावलंत? पितळी पत्रा लावणार असाल तर टोकाशी तीन बारीक भोकं ठेवा, आत साठलेलं पाणी तिथून बाहेर फेकलं जातं.

---

सुतारपक्षी | २४ मार्च, रात्री ८:२५

पुढच्या कडेला काचकापड आणि इपॉक्सी, टोकापासून तीस सेंमी. पत्रा नाही लावला. ट्रॅक दीड मिमी आला काका. खाली कागदाची चकती घालणार होतो, पण मन झालं नाही, बैठकच एका बाजूने पेपर मारून नीट केली. आता पाऊण मिमी.

---

चिकित्सक | १२ एप्रिल, दुपारी २:००

दहा तासांचं काय झालं?

---

सुतारपक्षी | १३ एप्रिल, रात्री ९:५५

झाले, काल संध्याकाळी. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, हा नियम पहिल्या मिनिटापासून. दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचली होती. पहिल्या तासानंतर सहाही बोल्ट थोडे सैल निघाले, काकांनी सांगितलं होतं तसंच. पाचव्या तासानंतर एक. दहाव्यानंतर एकही नाही. मधे काळा डाग नाही. सांध्यांवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही.

स्प्रिंग काट्यावर ओढ ५२ किलो आली. भावाच्या जुन्या कार्बनच्या पंख्याची नवा असताना ५५ होती. तीन किलो कुठे गेले ते शोधायचंय. मला टोकाजवळची जाडी जास्त वाटते.

भाऊ रविवारी उडवू म्हणतोय. मी त्याला आणखी दहा तास थांबवलंय.

---

चिकित्सक | १३ एप्रिल, रात्री १०:०५

बरं वाटलं. त्या दुसऱ्या दहा तासांना मी येऊ का? मिरजेलाच असतो.

---

पिळदार | १३ एप्रिल, रात्री १०:४०

पुढच्या पंख्यात शेवटच्या १५ सेंमीत छेदाची जाडी ९ टक्क्यांवर आणून बघा, पीळ तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

---

सुतारपक्षी | १४ एप्रिल, सकाळी ७:१५

@चिकित्सक, जरूर या, शनिवारी सकाळी नऊला. कान झाकायला काहीतरी आणा.

@पिळदार, दुसऱ्याच्या पट्ट्या वडिलांनी निवडल्यात, काल रात्री चिकटवल्या. शिकंजे उद्या काढतो.